जावई पाखंडी नाही. पण कम्युनियनच्या रांगेतही नको

आदरणीय ताई,

मी वसईची, कॅथलिक. माझे मिस्टर नगरचे, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रोटेस्टंट मंडळीतले. बिशपांची परवानगी घेऊन आमचं लग्न आमच्याच चर्चमध्ये झालं. माहेरी-सासरी आजवर सगळं सुरळीत होतं. गेल्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे आमच्या चर्चमधल्या उपासनेला, हे माझ्यासोबत आले होते. कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर घेण्याची, रांग लागली तसे हे माझ्या मागोमाग उभे राहिले. माझ्या मोठ्या भावाने त्यांना दंडाला धरून बाकाकडे परत नेलं. सगळ्या गावाने पाहिलं. घरी जेवायला बसल्यावर माझे काका, जे धर्मशिक्षणाचे वर्ग घेतात, म्हणाले, "पाखंडी माणसाला ख्रिस्तप्रसाद कसा देणार?" ह्यांचाही तोल गेला. "भाकरीच्या चकतीपुढे गुडघे टेकणाऱ्यांनी मला पाखंडी म्हणू नये," असं बोलून हे पानावरून उठले. तेव्हापासून माझ्या माहेरी आलेले नाहीत.

मे महिन्यात आमच्या आठ वर्षांच्या मुलीचं पहिलं कम्युनियन आहे. ती विचारते, बाबा माझ्याबरोबर का घेणार नाहीत? सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोरीला काय कळतं, मोठी झाली की नगरला आमच्या मंडळीत प्रभुभोजन घेईल, तिथे कोणी कोणाला हाकलत नाही. मी फादरांकडे जाऊन त्या एका दिवसापुरती ह्यांच्यासाठी परवानगी मागू का? काकांना काय सांगू? आणि खरं सांगा, दोन्हीकडे भाकर आणि द्राक्षारसच, मग एवढा फरक आहे तरी कुठे?

— एक वाचक, वसई

सप्रेम नमस्कार.

मे महिना जवळ आलाय, म्हणून आधी थोडक्यात उत्तरं देते. फादरांकडे एका दिवसाची सवलत मागू नका. 'पाखंडी' हा शब्द काकांनी मागे घ्यायला हवा, आणि तो आपल्या चर्चच्याच शिकवणुकीनुसार चुकीचा आहे हे त्यांना दाखवून द्यायला हवं. 'भाकरीच्या चकती'बद्दल यजमानांनीही माफी मागावी. आणि लेकीच्या पहिल्या कम्युनियनला तिचे बाबा पहिल्या बाकावर असलेच पाहिजेत. कम्युनियन न घेता, पण असलेच पाहिजेत. मी स्वतः कॅथलिक आहे. यजमान हे उत्तर वाचणार असतील तर त्यांना ते माहीत असावं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. 'दोन्हीकडे एकच' असं म्हटलं की घरातलं भांडण मिटेल, असं तुम्हाला वाटतंय. मला तुमची तळमळ कळते. पण ती शांतता टिकणार नाही, कारण ते खरं नाही, आणि तुमच्या काकांना व यजमानांना दोघांनाही ते मनातून माहीत आहे. म्हणूनच दोघं एवढे पेटले. ज्या गोष्टीत काही फरकच नसतो तिच्यासाठी कोणी भरल्या पानावरून उठत नाही.

रांगेत तुमची पाळी येते तेव्हा काय होतं ते आठवा. फादर पवित्र भाकर तुमच्यासमोर धरतात आणि म्हणतात, "ख्रिस्ताचे शरीर." तुम्ही म्हणता, "आमेन." दोन-तीन सेकंदांचा मामला. पण त्या 'आमेन'मध्ये पूर्ण कबुली आहे. चव भाकरीची, वजन भाकरीचं, रंग भाकरीचा. तरी समोर जे आहे ते आता भाकर नाही, ख्रिस्त स्वतः आहे, हे मी मानते, अशी ती कबुली. भाकरीचं सत्त्वच बदलतं ही भाषा आपल्या चर्चच्या 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने अधिकृत केली, आणि ट्रेंटच्या परिषदेने 11 ऑक्टोबर 1551 रोजी ती नाकारणाऱ्यांना चर्चबाहेर ठरवलं. मिस्सा संपल्यावर उरलेला ख्रिस्तप्रसाद आपण जपून ठेवतो, समोर दिवा तेवत ठेवतो, आजाऱ्याच्या घरी नेतो, हातातून कण सांडला तर टिपून घेतो. आत शिरताच गुडघा टेकतो. हे सगळं त्या एका विश्वासातून येतं. त्याच परिषदेने पुढे, 1562 मध्ये, असंही सांगितलं की मिस्सा म्हणजे क्रुसावरचं तेच बलिदान आपल्यासमोर येणं आहे, नवं दुसरं बलिदान नव्हे. हे शेवटचं वाक्य काकांनी जावयाला समजावून सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, कारण प्रोटेस्टंटांची मोठी हरकत तिथेच आहे: बायबलमधलं इब्री लोकांस पत्र म्हणतं की ख्रिस्ताने एकदाच, कायमचं अर्पण केलं, मग रोज वेदीवर पुन्हा काय अर्पण करता?

यजमानांच्या बाजूला मात्र 'प्रोटेस्टंट मत' असं एकच मत नाही. हे कदाचित त्यांनाही कोणी सांगितलेलं नसेल. त्यासाठी जर्मनीतल्या मारबुर्गची गोष्ट सांगते, कारण या सगळ्या वादाचं मूळ दुखणं मला तिथे स्पष्ट दिसतं.

ऑक्टोबर 1529. हेसे प्रांताचा शासक फिलिप याला सम्राटाविरुद्ध सगळ्या प्रोटेस्टंट सुधारकांची एकी हवी होती. त्याने विटेनबर्गचा मार्टिन लूथर आणि झुरिकचा उलरिक झ्विंग्ली यांना आपल्या किल्ल्यात समोरासमोर बसवलं. दोघंही पोपविरोधी, दोघंही बायबलचे गाढे अभ्यासक. बोलणं सुरू होण्याआधी लूथरने टेबलावर खडूने लॅटिनमध्ये चारच शब्द लिहिले, 'हे माझे शरीर आहे', आणि वर कापड ओढून घेतलं. झ्विंग्लीचं म्हणणं असं की इथे 'आहे' म्हणजे 'दर्शवते'. ख्रिस्ताचं शरीर स्वर्गात आहे, ते एकाच वेळी हजार ठिकाणच्या भाकरीत कसं असेल? त्याने योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं 'देहापासून काही लाभ होत नाही' हे वचन पुढे केलं. लूथर हटला नाही. पुरावा मागितला तेव्हा त्याने कापड उचललं आणि खडूचे ते शब्द दाखवले. प्रभूने 'आहे' म्हटलंय, मी ते बदलणार नाही, एवढंच त्याचं उत्तर.

शेवटी पंधरा कलमं लिहिली गेली. चौदांवर एकमत झालं. पंधराव्यातही पुष्कळसं जमलं; फक्त ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त त्या भाकरीत व द्राक्षारसात देहरूपाने आहे की नाही, यावर अडलं. निरोप घेताना झ्विंग्लीच्या डोळ्यांत पाणी होतं. लूथरने त्याला भाऊ म्हणायला नकार दिला. दोन वर्षांनी झ्विंग्ली काप्पेलच्या लढाईत मारला गेला. युरोपातल्या लूथरन आणि रिफॉर्म्ड (झ्विंग्ली व कॅल्विनच्या वाटेच्या) मंडळ्यांनी एकमेकांना प्रभूच्या मेजावर रीतसर जागा दिली ती 1973 च्या लॉयेनबर्ग करारात, म्हणजे मारबुर्गनंतर 444 वर्षांनी.

सासूबाईंना हे सांगा. रागाने नाही, माहिती म्हणून. 'आमच्याकडे कोणी हाकलत नाही' हे त्यांचं आजचं म्हणणं खरं आहे आणि त्याचा त्यांना अभिमान असावा. पण ते आयतं मिळालेलं नाही. त्यांची सीएनआय 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन झाली, आणि त्या बोलण्यांना चाळीसेक वर्षं लागली. मेज उघडं करण्याआधी त्यांच्या वाडवडिलांनीही बसून वाद घातला आहे. कॅथलिकांनी ते एका नाताळच्या रात्रीत करावं, ही अपेक्षा बरोबर नाही.

आणि यजमानांसाठी एक गोष्ट. नगरला 1831 मध्ये काम सुरू करणारे अमेरिकन मिशनचे लोक काँग्रिगेशनल होते, म्हणजे सोळाव्या शतकातला सुधारक कॅल्विन याच्या वाटेने आलेले. कॅल्विनने प्रभुभोजनाला 'नुसती आठवण' कधीच म्हटलं नाही. भाकर ख्रिस्त होत नाही असं तो ठामपणे म्हणतो. पण ती विश्वासाने घेताना पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने आपण खरोखर ख्रिस्तावर पोसले जातो, असंही तितक्याच ठामपणे म्हणतो. हे कसं घडतं असं विचारलं तर त्याचं उत्तर असं की हे गूढ माझ्या बुद्धीत मावत नाही, मला ते समजण्यापेक्षा जास्त अनुभवाला येतं. ज्याच्या परंपरेत हे लिहिलेलं आहे त्याने दुसऱ्याच्या गुडघे टेकण्याला 'चकतीची पूजा' म्हणू नये. तुमच्या आईबाबांनी आयुष्यभर भाकरीपुढे गुडघा टेकलेला नाही. त्यांनी ख्रिस्तापुढे टेकला आहे. तो तिथे तसा आहे की नाही यावर यजमानांचं मत वेगळं असू दे. पण ते कोणापुढे टेकतात हे त्यांच्या मनात शिरून ठरवण्याचा हक्क कोणालाच नाही.

आता काका. धर्मशिक्षण देणाऱ्या माणसाने हा शब्द वापरावा याचं मला फार वाईट वाटलं, कारण या शब्दापायी माणसं जाळली गेली आहेत, आणि नेमकी याच विषयावर. जॉन फ्रिथ नावाचा तिशीतला इंग्रज तरुण 4 जुलै 1533 रोजी लंडनमध्ये जाळला गेला. भाकरीचं सत्त्व बदलतं हे त्याला स्वतःला पटत नव्हतंच. पण ज्यावर तो अडला ते कलम आणखी छोटं होतं. हे मत न मानणारा नरकात जाईल, अशी शपथ माझ्या सदसद्विवेकाला घेता येत नाही, असं त्याने लिहून ठेवलं. त्याची उलटतपासणी घेणाऱ्यांत आर्चबिशप थॉमस क्रॅनमर होता. पुढे क्रॅनमरचंच मत बदलत बदलत फ्रिथच्या जवळ आलं, आणि 21 मार्च 1556 रोजी ऑक्सफर्डला त्यालाही जाळलं. कॅथलिक राणी मेरीच्या शेवटच्या चार वर्षांत इंग्लंडमध्ये अशी सुमारे 280 माणसं गेली. त्यांतल्या कितीतरी जणांना पहिला प्रश्न हाच विचारला गेला होता: वेदीवरच्या संस्कारात काय आहे ते सांग.

वारं फिरल्यावर दुसऱ्या बाजूनेही काही कमी केलं नाही. प्रोटेस्टंट राणी एलिझाबेथच्या राज्यात मिस्सा म्हणणं आणि ऐकणं गुन्हा झाला. यॉर्कच्या एका खाटकाची बायको, मार्गारेट क्लिथरो, धर्मगुरूंना घरात आसरा दिल्याच्या आरोपावरून पकडली गेली. तिने न्यायालयापुढे उत्तर द्यायला नकार दिला, तेव्हा 25 मार्च 1586 रोजी तिला दगडांच्या वजनाखाली चिरडून मारलं. त्याच इंग्लंडमधून बाहेर पडलेला एक कॅथलिक तरुण रोमला जाऊन जेझुइट झाला आणि 1579 मध्ये गोव्याला पोचला. तो आपला फादर थॉमस स्टीफन्स, ज्याने मराठीत ओवीबद्ध क्रिस्तपुराण लिहिलं. आपल्या भाषेला तो मिळाला याच्यामागे त्याच्या मायदेशातली मिस्साबंदी आहे.

वसईकराने तर हा शब्द उच्चारताना दहादा विचार करावा. वसई 1739 पर्यंत पोर्तुगिजांकडे होती आणि गोव्याच्या इन्क्विझिशनचा हात इथवर पोचत होता. 1560 पासून ते धर्मन्यायालय पाखंडाच्या नावाखाली माणसं पकडत होतं, आणि त्यांत प्रोटेस्टंट फार थोडे. बहुतेक सगळे नुकतेच ख्रिस्ती झालेले, जुने सण किंवा रीती घरात पाळल्याचा आरोप असलेले. म्हणजे आपलेच पूर्वज. काकांना इतिहासाची आवड असेल तर इथूनच सुरुवात करा.

पण इतिहासाने ते ऐकणार नाहीत असं वाटत असेल तर नियम दाखवा. 1983 च्या कॅथलिक धर्मविधीसंहितेचं 751 वं कलम पाखंडाची व्याख्या देतं: बाप्तिस्म्यानंतर, कॅथलिक म्हणून मानलंच पाहिजे असं सत्य हट्टाने नाकारणं. हट्टाने, हा त्यातला कळीचा भाग आहे. जो माणूस नगरच्या ख्रिस्ती घरात जन्मला, आईच्या मांडीवर तिची प्रार्थना शिकला, आणि आजही ख्रिस्तावर प्रेम करतो, त्याने काय नाकारलं? त्याला जे कधी दिलंच गेलं नाही ते? संत ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस, डोनाटिस्ट या चर्चपासून फुटलेल्या गटाशी वाद चालू असतानाच, एका पत्रात लिहिलंय की ज्यांना चुकीचं मत आईबापांकडून मिळालं, ज्यांनी ते स्वतःच्या उर्मटपणातून काढलं नाही, आणि जे सत्य मनापासून शोधतात, त्यांना पाखंडी गणू नये. ही आजकालची पळवाट नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 21 नोव्हेंबर 1964 च्या ऐक्यविषयक आदेशात तेच पुढे नेलं: त्या मंडळ्यांत जन्मलेल्यांवर फुटीचं पाप लादता येत नाही, बाप्तिस्म्याने ते ख्रिस्ताशी जोडलेले आहेत, त्यांना बंधू म्हणायचं. तुमच्या यजमानांचा बाप्तिस्मा आपलं चर्च खरा मानतं. म्हणूनच तुमचं लग्नही दोन बाप्तिस्मा घेतलेल्यांमधला संस्कार आहे, नुसती परवानगी दिलेली तडजोड नव्हे. काका जावयाला पाखंडी म्हणतात तेव्हा ते स्वतःच्या चर्चविरुद्ध बोलतात.

तरीही यजमान रांगेत का नकोत, हे आता नीट समजून घ्या, कारण हाच भाग सगळ्यांना कठोर वाटतो.

एक कारण ते 'आमेन'. जे पटत नाही त्याला लोकांसमोर 'आमेन' म्हणणं म्हणजे पाहुणचार नव्हे. ते कॅथलिकांच्या दृष्टीने जितकं चुकीचं, तितकंच यजमानांच्या स्वतःच्या प्रामाणिकपणालाही बाधा आणणारं. फ्रिथ याच मुद्द्यावर अडला होता. दुसरं कारण असं की आपण एका मेजावर खातो ते आपण एका मंडळीत आहोत म्हणून. ती एकी अजून झालेली नसताना झाल्यासारखं वागायचं का, हा प्रश्न आहे. तिसरं, आणि धर्मगुरूंच्या पातळीवर सर्वांत अवघड: प्रेषितांपासून चालत आलेली हस्तस्पर्शाची दीक्षा प्रोटेस्टंट पाळकांकडे नाही, म्हणून त्यांच्या प्रभुभोजनात ख्रिस्तशरीराचं रहस्य पूर्णपणे टिकलेलं नाही, असं 1964 चा तोच आदेश म्हणतो. हे वाचून तुमच्या सासूबाईंना दुखावल्यासारखं होईल, मला ठाऊक आहे. पण त्याच परिच्छेदात असंही आहे की ते प्रभूच्या मरणाचं आणि पुनरुत्थानाचं स्मरण करतात आणि त्याच्या येण्याची वाट पाहतात. दोन्ही वाक्यं त्यांना वाचून दाखवा, एकच नको.

नियम पूर्ण बंद नाही. कलम 844 नुसार मृत्यूचा धोका असेल, किंवा बिशपांच्या मते तशीच गंभीर गरज असेल, तर प्रोटेस्टंटालाही ख्रिस्तप्रसाद देता येतो. त्यासाठी त्याच्या स्वतःच्या मंडळीचा पाळक मिळण्यासारखा नसावा, त्याने आपणहून मागावं, या संस्काराबद्दल कॅथलिक विश्वास व्यक्त करावा आणि मनाची योग्य तयारी असावी. मिश्र विवाहातल्या जोडप्यांबद्दल 1993 च्या रोमच्या निर्देशिकेत म्हटलंय की अशी सहभागिता अपवादानेच. लेकीचं कम्युनियन हा मोठा आनंद आहे, पण ती या कलमातली गंभीर गरज नाही. तुम्ही मागायला गेलात तर फादरांना नाही म्हणावं लागेल, तुम्ही रडत परत याल, आणि घरात आणखी एक 'नाही' साठून राहील. म्हणून मागू नका म्हटलं.

तुमच्यासारखं दुःख असलेल्या एका लूथरन बाईने हाच प्रश्न थेट पोप फ्रान्सिस यांना विचारला होता, 15 नोव्हेंबर 2015 रोजी, रोममधल्या लूथरन चर्चमध्ये. तिचा नवरा कॅथलिक. पोपनी परवानगी दिली नाही आणि दारही लावलं नाही. एक बाप्तिस्मा, एक प्रभू, एक विश्वास, याचा आधार घेऊन प्रभूशी बोला आणि पुढे चला, याहून जास्त बोलायला मी धजत नाही, असं ते म्हणाले. जाताना त्यांनी त्या मंडळीला प्रभुभोजनाचा प्याला भेट दिला. 2018 मध्ये जर्मनीतल्या बहुसंख्य कॅथलिक बिशपांना अशा जोडप्यांसाठी वाट मोकळी करायची होती. रोमने त्यांचा मसुदा अजून परिपक्व नाही असं कळवलं आणि तो केवळ मार्गदर्शनपर टिपण म्हणून राहिला. चर्चच्या सर्वांत वरच्या पायरीवरही हे कोडं सुटलेलं नाही. मला ते सुटावं असं मनापासून वाटतं. पण वसईच्या एका धर्मग्रामात, एका कार्यक्रमापुरतं, ते तुम्ही सोडवायचं नाही.

हाच नियम तुम्हालाही लागू आहे, हे विसरू नका. नगरला गेल्यावर सासूबाई आग्रह करतील, पण आपल्या नियमानुसार तिथलं प्रभुभोजन तुम्हीही घ्यायचं नाही. तिथे तुम्ही बाकावर बसून राहिलात तर यजमानांना दिसेल की नाताळच्या रात्री जे त्यांच्या वाट्याला आलं ते तुम्हीही सोसता. आजवर तुम्ही तिथे घेत असाल तर काकांसमोरचा तुमचा मुद्दाच लंगडा पडतो.

'एवढ्याशा पोरीला काय कळतं' याचं उत्तर सोपं आहे. सासूबाईंच्या मंडळीत साधारणपणे दृढीकरण (मोठेपणी स्वतः विश्वासाची कबुली देण्याचा विधी) झाल्यावर प्रभुभोजन घेतात, म्हणून त्यांना आठ वर्षं लहान वाटतात. आपल्याकडेही पूर्वी दहा-बारा वर्षांपर्यंत थांबवत. पोप दहावे पायस यांनी 1910 मध्ये ठरवलं की सात वर्षांच्या सुमाराला, मुलाला ही भाकर साध्या भाकरीहून वेगळी आहे एवढं कळू लागलं, की पुरे. शिवाय लग्नाआधी तुम्ही मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करीन असं वचन दिलंय, आणि यजमानांना ते तेव्हाच सांगितलेलं असतं. त्यामुळे मे महिन्यातला कार्यक्रम पुढे ढकलायचा प्रश्न नाही. पण ही गोष्ट सासूबाईंना तुम्ही सांगू नका. त्यांच्या मुलाने सांगावी.

मुलीला मात्र तुम्ही दोघांनी मिळून सांगा, आणि खोटं काही सांगू नका. 'बाबांना आवडत नाही', 'बाबांचं पोट बिघडलंय' असलं काही नको. आठ वर्षांच्या मुलीला हे समजतं: बाबा येशूवर प्रेम करतात; तो या भोजनात आपल्याकडे कसा येतो याबद्दल बाबांच्या चर्चचं आणि आईच्या चर्चचं अजून एकमत झालेलं नाही; म्हणून बाबा आपल्या चर्चमध्ये घेतात आणि आई आपल्या; आणि एक दिवस सगळ्यांना एकत्र घेता यावं म्हणून आपण प्रार्थना करतो. शेवटचं वाक्य बाबांच्या तोंडून येऊ द्या. ती पुढचा प्रश्न विचारेल, 'मग खरं कोणाचं?' तुम्ही तुमचं सांगा, बाबा त्यांचं सांगतील. दोघांनी एकमेकांचं म्हणणं मध्ये न तोडता ऐकलेलं तिला दिसलं पाहिजे.

त्या दिवशी यजमानांनी लेकीचा हात धरून तिला वेदीपर्यंत सोबत करावी. तिथे हात छातीवर घेऊन उभं राहिलं की कम्युनियनऐवजी आशीर्वाद देण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. तुमच्याकडे चालते का ते फादरांना आधी विचारून ठेवा. परवानगी मागायला जायचंच असेल तर याची मागा. जेवणाच्या वेळी प्रार्थना यजमानांना करू द्या, नगरच्या पद्धतीने, आणि सासूबाईंना नारायण वामन टिळकांचं एखादं भजन म्हणायला सांगा. नगरच्या ख्रिस्ती बाईला ते शिकवावं लागत नाही.

मारबुर्गच्या त्या पंधराव्या कलमाच्या शेवटी एक वाक्य आहे, जे मला तुमच्या घरासाठी वापरावंसं वाटतं: आत्ता एकमत झालं नसलं तरी, सदसद्विवेक परवानगी देईल तितकं प्रत्येक बाजूने दुसऱ्यावर ख्रिस्ती प्रेम करावं, आणि योग्य समज मिळावी म्हणून देवाकडे कळकळीने प्रार्थना करावी. त्या दोघांना ते फारसं जमलं नाही. तुमच्या घरात मतभेद त्यांच्याइतकाच मोठा आहे, पण तुम्ही एका छताखाली राहता, एका मुलीचे आईबाप आहात.

सुरुवात भावापासून करा, काकांपासून नव्हे. ख्रिस्तप्रसादाची राखण करायची त्याची भावना चुकीची नव्हती, पण चारचौघांत दंडाला धरणं चुकीचं होतं. कोणाला द्यायचं न द्यायचं ते वेदीवरचे फादर पाहतात. त्याने स्वतः तुमच्या घरी यावं, यजमानांची माफी मागावी आणि भाचीच्या कम्युनियनचं आमंत्रण द्यावं. यजमानांनीही त्याच बैठकीत 'चकती'चा शब्द मागे घ्यावा. काका तेव्हा सोबत आले तर उत्तम. नाही आले तर त्यांना ऑगस्टीनचं म्हणणं लिहून पाठवा, आणि त्यांच्या उत्तरासाठी मे महिन्याची तयारी थांबवू नका.